सदाफुलीचे थेंब

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी आणि वृद्ध माणसांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघरी जाण्याचा आम्हा धर्मगुरूंचा परिपाठ आहे. गेली पंचवीसहून अधिक वर्षे, निरनिराळ्या धर्मग्रामांत, मी हे काम करीत आलो. या फेऱ्यांत माणसांच्या बोलण्यातील एक बदल माझ्या ध्यानात आला आहे. पूर्वी कर्करोग झालेल्या घरात त्या रोगाचे नाव कुणी घेत नसे. ओटीवर पाऊल ठेवताच घरची कर्ती स्त्री आवाज खाली आणून ‘त्यांना तो आजार आहे, फादर,’ एवढेच सांगायची. आता तसे राहिलेले नाही. ‘येत्या मंगळवारी तिसरी केमो आहे,’ असे रुग्ण स्वतःच सांगतो. शब्द घरातला झाला. परंतु त्या शब्दाच्या पोटात काय आहे हे मात्र अजूनही पुष्कळांना ठाऊक नसते. आणि जे ठाऊक नसते त्याची भीती माणसाला अधिक वाटते. कुणी त्याला ‘लाल पाणी’ म्हणतो, कुणी ‘विष’ म्हणतो, कुणी ‘शेवटचा उपाय’ म्हणतो.

वास्तविक केमो हे एका औषधाचे नाव नव्हे. त्या एका शब्दाखाली कितीतरी निरनिराळी औषधे येतात. प्रत्येकाचे काम वेगळे, त्रास वेगळा, घ्यावयाची काळजी वेगळी. मी डॉक्टर नाही. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकविले गेले, वैद्यक नव्हे. परंतु आपल्या धर्मग्रामातील एका लहान मुलाच्या आजारपणाच्या निमित्ताने यांपैकी एका औषधाशी माझा जवळून परिचय झाला. डॉक्टरांना, औषधनिर्मात्यांना आणि परिचारिकांना विचारून, शिवाय थोडे वाचून, जे समजले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. त्या औषधाचे नाव व्हिन्क्रिस्टीन. ते ज्या झाडापासून मिळते ते झाड आपल्या बहुतेकांच्या अंगणात आहे. ते म्हणजे सदाफुली.

मुलगा सात वर्षांचा होता. वारंवार ताप येत होता, पायांवर निळसर डाग उठत होते, खेळता खेळता तो खाली बसत होता. तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कर्करोग, तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, असे निदान झाले. वडील वाडीतली भाजी दादरच्या बाजारात नेणारे, आई घर सांभाळणारी, घरात सत्तरी ओलांडलेली आजी. ‘फादर, तुम्ही एकदा आमच्याबरोबर इस्पितळात याल का? डॉक्टर सांगतात ते आम्हाला अर्धेच कळते,’ असे वडील म्हणाले. म्हणून मी मुंबईला गेलो, आणि पुढेही अनेकदा जात राहिलो.

पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाईंनी उपचारांचा आराखडा समजावून सांगितला. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टीन शिरेतून, त्याबरोबर इतर औषधे, आणि काही ठराविक दिवशी पाठीच्या कण्यात एक वेगळे इंजेक्शन. हा सारा उपचार दोन ते तीन वर्षे चालणार. वडिलांनी विचारले, ‘हे व्हिन्क्रिस्टीन कशापासून करतात?’ त्या म्हणाल्या, ‘सदाफुलीपासून.’ त्या बापाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथमच किंचित हसू उमटले. ओळखीचे माणूस परक्या गावात भेटावे तसे त्याला वाटले असावे.

सदाफुली मूळची आपल्याकडची नाही. ती मादागास्कर बेटावरची. जहाजांबरोबर ती जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरली आणि जिथे गेली तिथे तिने लोकांच्या घरगुती औषधांत जागा मिळविली. अनेक देशांत मधुमेहावर तिच्या पानांचा काढा देत. १९५२ साली जमैका बेटावरील एका डॉक्टरने या झाडाची पंचवीस पाने पाकिटात घालून कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे पाठविली. इन्सुलिनच्या शोधाच्या काळात बँटिंग आणि बेस्ट यांच्याबरोबर काम केलेले हे गृहस्थ. त्या बेटावरील लोक इन्सुलिन मिळाले नाही की या पानांचा चहा घेतात, तेव्हा यात काही तथ्य आहे का ते पाहावे, एवढीच विनंती होती. क्लार्क नोबल निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांनी ती पाने आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्या स्वाधीन केली. ते वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करीत होते.

रॉबर्ट नोबल यांनी उंदरांवर प्रयोग केले. अर्क पाजून साखर काही कमी झाली नाही. मग तोच अर्क टोचला. तेव्हाही साखर होती तिथेच राहिली. परंतु उंदीर संसर्ग होऊन मरू लागले. दुसऱ्या एखाद्याने हा प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. नोबल यांनी उंदरांचे रक्त तपासले, तेव्हा रक्तातील पांढऱ्या पेशी विलक्षण घटलेल्या आढळल्या. त्यांनी प्रश्न फिरवून विचारला: ज्या द्रव्याने पांढऱ्या पेशी घटतात, ते द्रव्य जिथे पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रोगावर चालेल का? १९५४ साली चार्ल्स बीअर हे रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले, आणि १९५८ साली व्हिनब्लास्टीन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती आल्याचे त्यांनी जाहीर केले. त्याच सुमारास अमेरिकेतील एलाय लिली या कंपनीत गॉर्डन स्वोबोडा आणि त्यांचे सहकारी याच झाडावर काम करीत होते. त्यांनी सदाफुलीतून दुसरे द्रव्य वेगळे काढले, ते व्हिन्क्रिस्टीन. १९६३ साली अमेरिकेत त्याच्या वापराला मान्यता मिळाली.

पानांत या द्रव्याचे प्रमाण इतके अल्प असते की एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. व्हिनब्लास्टीन आणि व्हिन्क्रिस्टीन या दोन बहिणींच्या रेणूंत फरक आहे तो अणूंच्या एका लहानशा गटाचा. पण तेवढ्या फरकाने एकीचा त्रास मुख्यत्वे अस्थिमज्जेला होतो आणि दुसरीचा मज्जातंतूंना.

सेमिनरीत असताना ग्रीक भाषेच्या वर्गात एक शब्द शिकलो होतो: फार्माकॉन. या शब्दाचा अर्थ औषध असाही होतो आणि विष असाही होतो. त्या वेळी मला ते भाषेचे वैगुण्य वाटले होते. इस्पितळातील त्या दालनात बसल्यावर ग्रीकांनी तो शब्द फार विचाराने वापरला असावा असे वाटू लागले. पॅरासेल्ससने सोळाव्या शतकात तेच सांगितले: विष आणि औषध यांत भेद करते ती मात्रा. व्हिन्क्रिस्टीनच्या बाबतीत मात्रेबरोबर आणखी दोन गोष्टी जोडाव्या लागतील: वाट आणि वेळ. योग्य मात्रा, योग्य वाट, योग्य वेळ. या तिन्हींची राखण म्हणजेच या औषधाचा सुरक्षित वापर.

प्रथम ते काम कसे करते ते पाहू. शरीरातील पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात. त्या वेळी पेशीच्या आत अतिसूक्ष्म धाग्यांची एक चाती तयार होते. हे धागे गुणसूत्रांना धरून दोन बाजूंना ओढतात, आणि वाटणी समसमान होते. हे धागे ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटांनी रचलेले असतात. व्हिन्क्रिस्टीन या विटांना चिकटते आणि धागा उभाच राहू देत नाही. पेशी दुभंगण्याच्या मध्यावर अडकते आणि मरते. कर्करोगाच्या पेशी अखंड दुभंगत असल्यामुळे त्या अधिक सापडतात. केसांच्या मुळाशी असलेल्या निरोगी पेशीही भराभर दुभंगतात, म्हणून केस गळतात. उपचार संपल्यावर ते सहसा पुन्हा येतात.

मज्जातंतूंचा प्रश्न वेगळा आहे. मज्जापेशी दुभंगत नाहीत. पण त्यांच्या लांबलचक शाखांमधून पोषणाची ने-आण होते ती याच ट्युब्युलिनच्या नळ्यांवरून. हे रूळ उखडले की सर्वांत दूरच्या स्थानकाला आधी झळ बसते. म्हणून हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात, सदऱ्याचे बटण लावता येत नाही, पाऊल नीट उचलले जात नाही, मूल चालता चालता अडखळते. आतड्यांचे मज्जातंतू मंदावले की बद्धकोष्ठता होते. काहींचा जबडा दुखतो. आपल्या या मुलाला चौथ्या मात्रेनंतर जिना चढवेना. आईला वाटले, रोग पायांत उतरला. डॉक्टरीणबाईंनी त्याला टाचांवर चालून दाखवायला सांगितले, गुडघ्यांवर हातोडी ठोकून पाहिली, आणि म्हणाल्या, ‘हा रोग नाही, हे औषध आहे. हे आम्हाला सांगितलेत ते बरे केलेत.’ हा त्रास बहुधा हळूहळू उतरतो, काहींना मात्र दीर्घकाळ पुरतो. आणि तो वाढत असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा काही काळ थांबवतात. म्हणून तो लपवायचा नसतो.

या ‘सांगण्या’विषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. कारण आपण ख्रिस्ती कुटुंबांत मुलांना सोसायला शिकवतो. व्हिन्क्रिस्टीन शिरेतून जाते तोवर ठीक. पण ते शिरेबाहेर झिरपले तर आजूबाजूच्या मांसाला भाजल्यासारखी इजा होते, फोड येतात, जखम चिघळते. म्हणून परिचारिका सुई शिरेतच आहे ना, रक्त मागे येते ना, हे आधी पाहते आणि औषध जाईपर्यंत जवळून हलत नाही. एके दिवशी मी मुलाच्या उशाशी उभा होतो. औषध सुरू झाले. आईने त्याचा दुसरा हात धरला आणि त्याच्या कानात म्हणाली, ‘रडायचं नाही हां बाळा. येशूबाळाला अर्पण कर.’ मुलगा ओठ दाबून छताकडे पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होते, पण तोंडातून शब्द नाही. परिचारिकेचे लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेले. तिने लगेच औषध थांबविले आणि हात पाहिला. सुईच्या वरच्या बाजूला किंचित सूज दिसू लागली होती. तिने तीच सुई ठेवून आत गेलेले शक्य तितके परत ओढून घेतले, डॉक्टरांना बोलाविले, हात उंच ठेवून कोरडा शेक दिला. वेळेवर कळल्यामुळे थोड्या लालीवर निभावले.

नंतर ती परिचारिका आईला म्हणाली, ‘ताई, त्याला सहन करायला सांगू नका. जळलं की ओरड, असं सांगा. तो ओरडला तरच मला कळेल.’ मग मुलाकडे वळून म्हणाली, ‘तू माझा पहारेकरी. काही झालं की मोठ्याने हाक मारायची.’

आईने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत प्रश्न होता, आणि तो केवळ वैद्यकाचा नव्हता. दुःख येशूच्या दुःखाशी जोडून अर्पण करावे ही शिकवण खरी आहे. तिने असंख्य आजाऱ्यांना आधार दिला आहे. पण जे दुःख टाळता येत नाही त्यासाठी ती आहे. जे एका हाकेने टळू शकते ते मुकाट्याने सोसणे म्हणजे अर्पण नव्हे. येशूने स्वतः गेथशेमनी बागेत प्याला दूर व्हावा म्हणून पित्याकडे मागणे केले, आणि शिष्यांनाही आपली व्यथा सांगितली. मी तिला एवढेच सांगितले. पुढच्या खेपेला मुलगा दोनदा ओरडला. दोन्ही वेळा काही झाले नव्हते. परिचारिकेने दोन्ही वेळा थांबून पाहिले आणि त्याला शाबासकी दिली.

घरी परतल्यावर जागा दुखू लागली, सुजली, लाल झाली, तर इस्पितळाला कळवावे. आपल्या मनाने बर्फ लावू नये. काही औषधांना बर्फ चालतो, या औषधाला शेक लागतो. औषधागणिक उपाय उलटा होतो, म्हणून शेजाऱ्याच्या केमोचा अनुभव आपल्या केमोला लावू नये.

आता वाटेविषयी. या औषधाची वाट एकच, शिर. दुसरी कोणतीही नाही. त्याच्या वेष्टनावर ‘फक्त शिरेतून द्यावे, अन्य मार्गाने दिल्यास प्राणघातक’ अशा अर्थाचा इशारा छापलेला असतो, आणि त्यामागे मोठे दुःख आहे. रक्ताच्या कर्करोगात मेंदूभोवतीच्या द्रवात लपलेल्या पेशींना गाठण्यासाठी मेथोट्रेक्सेटसारखे औषध पाठीच्या कण्यात देतात. रुग्ण तोच, आजार तोच, आणि पूर्वी दोन्ही औषधे सिरिंजमध्येच भरलेली असत. कण्यात द्यायच्या औषधाऐवजी हाती व्हिन्क्रिस्टीन आले तर ते मज्जारज्जू आणि मेंदू जाळत जाते, आणि त्यातून रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य. अशा दुर्घटना जगाच्या अनेक देशांत घडल्या आहेत. २००१ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे एक तरुण अशा चुकीने दगावला. त्याच्या चौकशीत असे दिसून आले की ही एका माणसाची एक मोठी चूक नव्हती. अनेक लहान लहान ढिलाया एका रेषेत आल्या होत्या.

अशा दुर्घटनांतून जगाने जो धडा घेतला तो मला फार मोलाचा वाटतो. ‘सावध राहा’ एवढे सांगून भागत नाही, कारण माणूस थकतो, घाईत असतो, विसरतो. म्हणून चूक करताच येऊ नये अशी व्यवस्था करायची. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जगभरच्या इस्पितळांना सांगितले की व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये भरूच नये. सलाईनच्या लहान पिशवीत पातळ करून ठेवावे. पिशवी पाहिल्यावर ती कण्यात टोचण्याची चूक कुणाच्या हातून होणे कठीण. शिवाय ही दोन औषधे एकाच वेळी एकाच दालनात आणायची नाहीत. आमच्या मुलाच्या वेळी दोन परिचारिका आळीपाळीने त्याचे नाव, नोंदणी क्रमांक, औषध, मात्रा आणि मार्ग मोठ्याने वाचत. तो नावाला कंटाळून म्हणायचा, ‘काल सांगितलं ना!’ तरी त्या पुन्हा विचारत. आपणही कंटाळू नये. ‘आज कोणते औषध? कुठून देणार?’ असे आईबापांनी विचारले तर चांगली परिचारिका रागावत नाही. तिच्या पहाऱ्यात आणखी एका पहारेकऱ्याची भर पडते.

मात्रेचेही असेच. ती वयावर ठरत नाही. उंची आणि वजन यांवरून शरीराच्या पृष्ठभागाचे माप काढून ठरवितात, आणि बहुतेक ठिकाणी एका वेळी दोन मिलिग्रॅमची कमाल मर्यादा पाळतात. दोन मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे काही कण. हे औषध यकृतावाटे निघून जाते. म्हणून कावीळ असेल तर मात्रा कमी करावी लागते. बुरशीवरची काही औषधे, उदाहरणार्थ इट्राकोनॅझोल आणि व्हॉरिकोनॅझोल, यकृताचे हे काम अडवितात आणि व्हिन्क्रिस्टीनचा त्रास अनेक पटींनी वाढवितात. म्हणून गावातल्या दवाखान्यातून साधी खाजेची गोळी घेतानाही केमो चालू असल्याचे सांगावे.

घरी पाळावयाच्या गोष्टी इस्पितळातून सांगितल्या जातात, पण त्या गडबडीत कानावरून जातात. या मुलाच्या आईने शंभर पानी वही केली होती. तिच्यात ती रोज चार ओळी लिहायची: ताप, शौच, खाणे, चालणे. व्हिन्क्रिस्टीन एकटे अस्थिमज्जेला फारसे दुखवीत नाही. पण त्याच्याबरोबर दिली जाणारी इतर औषधे पांढऱ्या पेशी घटवितात. त्यामुळे ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट झाला, तर मध्यरात्र असली तरी इस्पितळाला कळवून निघायचे. आधी क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. शौचाला दोन दिवस झाले नाही तर कळवायचे. एनिमा किंवा जुलाब आपल्या मनाने द्यायचे नाहीत. लसी डॉक्टरांना विचारूनच, कारण जिवंत जंतूंच्या लसी या काळात वर्ज्य असतात. औषध दिल्यानंतर साधारण दोन दिवस मुलाचे मलमूत्र, ओकारी, मळलेले कपडे हाताळताना हातमोजे घालायचे, शौचकूप दोनदा पाणी टाकून धुवायचा, आणि घरात गर्भवती असेल तर तिने हे काम करायचे नाही. याचा अर्थ मूल अस्पृश्य होते असा मुळीच नाही. त्याला मांडीवर घ्यावे, त्याचा मुका घ्यावा.

आता आजीविषयी. औषध सदाफुलीचे आहे हे तिला कळल्यावर तिने पहिला प्रश्न केला तो वाडीत उभा राहून. ‘फादर, मग मुंबईला कशाला जायचं? देवाने हे झाड आपल्या दारात लावलंय. मी रोज पानांचा काढा करून देते. पोराचे हाल तरी वाचतील.’ ती अडाणी नव्हती. मुलाच्या सुजलेल्या हाताकडे पाहून तिचे काळीज तुटत होते. तिच्या हातात पाने खुडलेली होती आणि घरात चूल पेटलेली होती. सून काही बोलू शकत नव्हती, मुलगा गप्प होता. त्या दिवशी तो काढा मुलाच्या पोटात गेला असता तर कदाचित काही झाले नसते, कदाचित फार वाईट झाले असते. सदाफुलीत कितीतरी निरनिराळी क्षारद्रव्ये आहेत. कोणत्या पानात किती, याचा पत्ता नाही. एकीकडे शिरेतून मोजलेली मात्रा जात असताना दुसरीकडे न मोजलेले घोट घालणे म्हणजे ज्याच्यासाठी दोन परिचारिका मोठ्याने आकडे वाचतात तो सारा पहारा उधळून देणे.

मी तिला म्हणालो, ‘आजी, झाड देवाने दिले हे तुमचे खरे आहे. बेन सिराच्या ग्रंथातील अडतिसाव्या अध्यायात तेच सांगितले आहे. औषधे परमेश्वरच भूमीतून उगवितो आणि शहाणा माणूस त्यांचा अव्हेर करीत नाही. पण त्याच अध्यायात वैद्याचा मान राखावा असेही सांगितले आहे, आणि त्या वनस्पतींपासून औषध सिद्ध करणाऱ्याचाही उल्लेख आहे. देवाने काम तिघांत वाटून दिले आहे. आपण दोघांना वगळून एकट्या झाडाकडे कसे जाणार?’ मग तिला नोबल यांच्या उंदरांची गोष्ट सांगितली. अर्क पाजून काही साधले नाही आणि टोचला तेव्हा जीव गेला, हे तिने लक्षपूर्वक ऐकले. थोडा वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे शेकडो किलो पानांतलं नेमकं तेवढंच काढतात?’ ‘हो, तेवढंच.’ तिने हातातली पाने झाडाच्या बुंध्याशी टाकली. पुढे ती रोज संध्याकाळी त्या झाडाला पाणी घालताना रोजरीचे एक दशक म्हणू लागली. त्याला माझा काहीच आक्षेप नव्हता.

खरी कसोटी पुढे होती. महिन्याभरात मुलाच्या रक्तातील कर्करोगाच्या पेशी दिसेनाशा झाल्या. ताप गेला, तो हसू-खेळू लागला. सात-आठ महिन्यांनी वडील माझ्याकडे आले. प्रत्येक खेपेला एक दिवसाचा धंदा बुडत होता, कर्ज झाले होते. ‘फादर, पोरगा बरा झालाय. सगळे म्हणतात, आता चांगल्या पोराला विष कशाला? थांबवू का?’ धर्मग्रामातील पुष्कळांनी त्याला हाच सल्ला दिला होता, आणि तो प्रेमाने दिला होता. हाच क्षण सर्वांत धोक्याचा असतो. दिसेनाशा झालेल्या पेशी संपलेल्या नसतात. सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या संख्येने त्या दडून राहतात, आणि उपचार अर्धवट सोडला तर परततात. परतलेला रोग पहिल्यासारखा सहज वठणीवर येत नाही. १९५० च्या सुमारास या आजाराची बहुतेक सर्व मुले दगावत. आज प्रगत देशांत दहांपैकी आठ-नऊ मुले वाचतात. ही किमया एका औषधाची नाही. अनेक औषधे ठरल्या क्रमाने, ठरल्या वेळी, अखेरपर्यंत घेण्याची आहे.

आम्ही दोघे पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कागदावर रेघ ओढून बापाला हे समजावले. इस्पितळातील समाजसेविकेने शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती दिली आणि बाहेरगावच्या मुलांसाठी असलेल्या राहण्याच्या सोयींचीही. २००६ सालापासून मुंबईत सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे अशा मुलांना आईबापांसह विनामूल्य ठेवून घेतात. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. आमच्या संत विन्सेंट डी पॉल मंडळाने लोकलच्या भाड्याचा आणि खाण्याचा भार उचलला. वाडीतल्या शेजाऱ्यांनी आळीपाळीने त्याची भाजी बाजारात पोहोचविली. उपचार थांबला नाही.

वाचकहो, प्रत्येक कथेचा शेवट असा होत नाही. त्याच दालनात भेटलेली एक मुलगी सारे नियम पाळूनही गेली. तिच्या आईवडिलांनी काही कमी केले नव्हते, डॉक्टरांनीही नाही. औषध समजून घेतल्याने मरण टळतेच असे नाही. पण निदान अज्ञानाने, संकोचाने किंवा घाईने एकही मूल जाऊ नये, एवढे तर आपल्या हाती आहे. आजाऱ्याला तैलाभ्यंग देताना आम्ही त्याच्या बरे होण्यासाठी प्रार्थना करतो. ती प्रार्थना करणाऱ्या समाजाने त्याचा ताप मोजायलाही शिकले पाहिजे.

तो मुलगा आता सातवीत आहे. धावताना त्याचा उजवा पाय अजून किंचित घासतो, पण तो धावतो. त्याच्या आईची ती शंभर पानी वही भरली तेव्हा तिने दुसरी केली नाही. गरज उरली नव्हती. गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील दुसऱ्या एका घरात हाच आजार आला. ती बाई आपण होऊन तिथे गेली, ती वही तिने त्या आईच्या हाती दिली, आणि पहिल्या पानावर तांबड्या शाईने एक ओळ लिहून दिली: ‘जळलं की ओरडायला सांगा.’